सातव्या दांड्याचं कडं

आमच्या गावाला हल्ली उपनगर म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांची कॉलर ताठ असते. इंजिनांच्या शेडमध्ये कपड्यांची दुकानं आली, पाण्याच्या जुन्या टाकीखाली लोक कॉफी पिऊ लागले आणि सिग्नलच्या केबिनचं संग्रहालय झालं. माहिती सांगायला माझ्या मामांना बसवलं. एकतीस वर्षं त्याच केबिनमध्ये त्यांनी गाड्यांचे रूळ बदलणारे दांडे ओढले होते. भिंतीवरच्या पाट्या लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मामा बोलण्यात पटाईत. "इंजिनाला तहान लागली म्हणून गाडी थांबली, आणि गाडी थांबली म्हणून गाव झालं," असं म्हणाले की लोक खूश. सातव्या दांड्यापाशी मात्र ते काही न सांगता पुढे सटकत.

त्या दांड्याची पाटी मी जुन्या चौकशीच्या कागदांवरून लिहिली: मालगाडीच्या वाघिणी जोडणारा कामगार दांड्याला कडं न अडकवताच रुळावर उतरला आणि दगावला.

"ही लावू नकोस," मामा म्हणाले.

मी चिडले. "तुम्हाला आवडत नाही म्हणून इतिहास गाळू का?"

तेव्हा ते बोलले. वाघिणींमध्ये शिरणाऱ्यानं आधी वर केबिनमध्ये येऊन आपल्या रुळाच्या दांड्याला लाल लोखंडी कडं अडकवायचं, म्हणजे तो कोणी ओढणार नाही. काढायचंही त्यानंच. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, ही तिथली रीत.

"त्यानं अडकवलं होतं गं. साहेब तपासणीला येणार होते. दांड्याची मूठ चकचकीत करावी म्हणून मी कडं काढून खुंटीला लावलं, आणि परत घालायचं विसरलोच. इंजिन सोडायची घंटा झाली, दांडा ओढला. इंजिन त्याच्याच रुळावर गेलं."

"आणि चौकशीत?"

"कडं खुंटीवर दिसलं. त्यांनी तेच लिहिलं. मी गप्प बसलो."

मला त्यांची कीव आली, पण संताप त्याहून जास्त आला. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

पाटी लावली नाही. उद्घाटनाला जुन्या रेल्वे कुटुंबांना बोलावलं होतं, त्यात त्या कामगाराची बायको काठी टेकत आली. मामांनी तिला खुर्ची दिली आणि चारचौघांत सगळं सांगून टाकलं.

"वहिनी, आता काय शिक्षा द्यायची ती द्या."

ती काठीच्या मुठीवर बोटं फिरवत बोलली. आवाज अजिबात चढला नाही.

"तुम्हाला शिक्षा देऊन मी काय करू, भाऊजी? पंचवीस वर्षं मी आमच्या यांनाच बोल लावला. घरदार विसरून घाई केली म्हणून. यांचा फोटोसुद्धा भिंतीवर लावू दिला नाही." मग तिनं पहिल्यांदा मामांकडे पाहिलं. "पोराला एकच शिकवत आले, बापासारखा बेफिकीर होऊ नकोस. त्याला बापाचं नाव घ्यायचीही लाज वाटते. त्याला आता काय सांगू?"