पाचवा हब कापणारे नरसिंगराव

श्री. नरसिंगराव यांची आणि माझी पहिली भेट एका नादुरुस्त स्कूटरमुळे झाली. कुंभकोणमच्या एका महाविद्यालयात यजमानांना नोकरी लागली. कोल्हापूरच्या फाउंड्रीतील प्रयोगशाळेची सहा वर्षांची नोकरी सोडून मीही इकडे आले आणि आम्ही मेलकावेरीत भाड्याने राहू लागलो. मला तमिळचा एक शब्द येत नव्हता. दोन महिन्यांतच स्कूटरच्या मागच्या चाकाचा हब, म्हणजे चाकाचा मधला ओतीव भाग, तडकला. मेकॅनिकने हातवारे करून सांगितले की, हा भाग आता बाजारात मिळत नाही. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या वाटेवर राव आहेत, त्यांना दाखवा.

पत्र्याच्या शेडमध्ये पांढरी लुंगीवजा वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडलेले एक गृहस्थ स्टुलावर बसले होते. त्यांनी हब हातात घेऊन भिंगातून तडा पाहायला सुरुवात केली. मी वाकून पाहिले आणि स्वतःशीच पुटपुटले, "आत वायू अडकलाय."

त्यांनी मान वर केली. "वायू अडकला हें तुम्हांस कसें कळलें, बाई?"

मी गोंधळून विचारले, "तुम्ही मराठी?"

"होय. तीनशें वर्षें जालीं येथें येऊन. तुम्ही कधी आलांत?"

"दोन महिने झाले."

"मग बैसा. उदक घ्या."

तंजावरच्या मराठी राज्याच्या काळात त्यांचे पूर्वज इकडे आले होते. त्या दिवशी स्कूटरचा हब राहिला बाजूला, आणि मला काम मिळाले. त्याला आता चौदा वर्षे होऊन गेली आहेत. नरसिंगरावांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या उद्योगाविषयी आणि समाजकार्याविषयी माझ्यापेक्षा अधिकारी मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली शिकले, तेवढेच लिहिणार आहे.

नरसिंगराव पूर्वी शेतीपंपांचे भाग ओतत असत. एकदा जुन्या मोटारींचे एक शौकीन तुटलेला हब घेऊन त्यांच्या दारात आले. जुन्या गाडीचे कवच तेवढे ठेवायचे, आत दांडगे इंजिन बसवायचे, चाके रुंद करायची, अशा गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. अशा गाडीचे मूळ हब नव्या इंजिनाचा जोर सोसत नाहीत आणि तयार हब कोठे मिळत नाहीत. प्रत्येक गाडीसाठी वेगळे ओतावे लागतात. नरसिंगरावांनी तो तुटका हब आठ दिवस घरी ठेवून घेतला आणि मग होकार दिला. आज दूरदूरच्या शहरांतून लोक त्यांच्याकडे गाड्यांची मापे पाठवतात. ते स्वतः मात्र हबला अजून बैलगाडीच्या चाकासारखा 'तुंबा'च म्हणतात.

त्यांच्या कामाची खूण म्हणजे साच्याच्या आतला कावेरीच्या मातीचा लेप. स्वामीमलैचे मूर्तिकार जी बारीक गाळाची माती वापरतात तीच ते आणतात, वस्त्रगाळ करतात आणि वाळूच्या साच्याला आतून लावतात. ओतीव हब साच्यातून निघतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग इतका नितळ असतो की, कोल्हापूरचे माझे जुने सहकारी फोटो पाहून विश्वास ठेवत नाहीत. मी आल्यावर भट्टीला तापमान मोजायचे यंत्र बसवले. नरसिंगराव रोज आधी वितळलेल्या धातूच्या रसाच्या रंगावरून आकडा सांगत आणि मग यंत्राकडे पाहत. फरक पडला तर, "तुमचें यंत्र बरोबर असेल," म्हणत आणि वहीत दोन्ही आकडे लिहायला लावत. अनुभवाचा अभिमान असूनही यंत्राशी भांडण न करणारा माणूस मी त्यापूर्वी पाहिला नव्हता.

एक गोष्ट मला सुरुवातीला टोचली होती. पहिल्या दिवसानंतर कारखान्यात ते माझ्याशी मराठीत बोलेनात. सगळे तमिळमध्येच; त्यांची कारखान्यातली वाक्ये येथे मीच मराठीत आणली आहेत. मी रडकुंडीला येत असे. एकदा त्यांच्या घरी जेवायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी पद्मावतीबाईंपाशी तक्रार केली. नरसिंगरावांनी ऐकले आणि म्हणाले, "घरीं हवें तितकें मराठी बोलूं. पण तेथें मुरुगेसन उभा असतो. त्याच्यासमोर त्यास न कळणारी भाषा बोलणें बरें नव्हे. त्यास वाटेल, मजविषयींच बोलतात." मुरुगेसन म्हणजे आमचे मुख्य साचेकार. चोळपुरम् येथून सायकलने येतात. सहा महिन्यांत मी तमिळ बोलू लागले, आणि मुरुगेसन मला अक्का म्हणू लागले.

आता ती गोष्ट लिहिते, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

नरसिंगरावांचा एक नियम आहे. चार हबची मागणी असेल तर एकाच रसातून पाच ओतायचे आणि पाचवा करवतीने उभा कापून आतून पाहायचा. धातू ओला असेल, रस नीट निवळलेला नसेल, तर आत टाचणीच्या टोकाएवढी भोके राहतात. बाहेरून काही दिसत नाही. भरधाव गाडीचा हब फुटला तर चाक निखळते. पाचवा स्वच्छ निघाल्याशिवाय चार बाहेर जात नाहीत.

तिरुचीचे श्री. खंडेराव यांनी वडिलांची जुनी मोटार अशा पद्धतीने बांधून घेतली होती. मुलीला त्या गाडीतून मांडवात न्यायचे, ही त्यांची इच्छा. लग्न शुक्रवारी होते. त्याआधीच्या आठवड्यात पद्मावतीबाईंच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी नरसिंगराव तंजावरला होते आणि कारखाना माझ्यावर सोपवला होता. ओतताना एक साचा फुटला. चारच हब हाती आले. खंडेराव समोर उभे. "बाई, बाहेरून तर आरशासारखे आहेत," ते म्हणाले. मुरुगेसन नको म्हणत होते. मी हबवर हातोडीने टकटक करून आवाज ऐकला, तो चांगला वाटला, आणि मी चारही देऊन टाकले.

सोमवारी नरसिंगराव परतले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाचवा कोठें आहे?"

मी सांगितले. ते रागावले नाहीत. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "उद्यां तिरुचीस जाऊं."

मंगळवारी सकाळच्या गाडीने आम्ही गेलो. खंडेरावांच्या अंगणात गाडी फुलांच्या माळा चढवण्यासाठी तयार उभी होती. नरसिंगरावांनी हात जोडले. "माझी चूक जाली. न पाहतां दिले. एक काढून द्या, कापून पाहतों."

"कापून? तीन दिवसांवर लग्न आहे!"

"ठाऊक आहे."

"अहो, चांगले निघाले तर?"

"तर तुमचा एक हब मी वायां घालविला, असें होईल. तुमची मुलगी त्या गाडींत बैसणार आहे, खंडेराव. मी न पाहिलेल्या वस्तूवर तिला कशी बैसवूं?"

खंडेराव पुष्कळ बोलले. कडवट बोलले. 'माझी चूक' हे नरसिंगराव पुन्हा पुन्हा म्हणत होते आणि मी शेजारी उभी होते. मी तोंड उघडले, पण नरसिंगरावांनी माझ्याकडे न पाहता हात किंचित वर केला. मी गप्प बसले. शेवटी खंडेरावांच्या मुलीनेच, लग्नाच्या गडबडीत असलेल्या त्या मुलीने, चाक काढायला सांगितले.

जवळच्या वर्कशॉपमध्ये हब कापला. आत एकही भोक नव्हते. धातू चांदीसारखा चमकत होता.

नरसिंगरावांनी दोन्ही तुकडे खंडेरावांच्या हातात ठेवले आणि म्हणाले, "चांगला होता. मला क्षमा करा." नवे दोन हब ओतून, एक कापून पाहून, दुसरा तापवून, कातून पोचवायला शनिवार उजाडला. लग्नाच्या दिवशी गाडी अंगणात तीन चाकांवर आणि एका लाकडी ठोकळ्यावर उभी होती. मुलगी भाड्याच्या मोटारीतून मांडवात गेली. शनिवारी आम्ही हब घेऊन गेलो तेव्हा खंडेरावांनी तो फाटकातच घेतला. आत या म्हणाले नाहीत.

परतीच्या गाडीत मी म्हणाले, "चूक माझी, बोलणी तुम्ही खाल्लीत. आणि हब तर चांगलाच होता."

"चांगला होता हें कापल्यावर कळलें," नरसिंगराव म्हणाले. "तुम्ही दिलात तेव्हां तुम्हांस ठाऊक नव्हतें. मलाही नव्हतें. आणि बोलणीं म्हणाल, तर कारखान्यावर पाटी कोणाच्या नांवाची आहे?" मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "मी तरुण असतां न कापतां पंपाचा एक भाग दिला होता. तो फुटून एका माणसाचीं दोन बोटें गेलीं. त्यानें मला कधीं शिवी दिली नाहीं. शिवी दिली असती तर बरें वाटलें असतें."

चौदा वर्षांत हे त्यांनी मला एकदाच सांगितले. त्यांच्या परवानगीने येथे लिहिले आहे.

पुढच्या वर्षी खंडेराव आमच्याकडे आले. मित्राच्या गाडीसाठी चार हब हवे होते. म्हणाले, "पाचवा माझ्यासमोर कापा. मला पाहायचं आहे." दोघे शेजारी बसून करवतीकडे पाहत होते. पद्मावतीबाईंनी दोघांना कॉफी पाठवली. झाल्या गोष्टीविषयी कोणी काही बोलले नाही. खंडेरावांना आजही वाटते की तो निष्काळजीपणा नरसिंगरावांचा होता. या ग्रंथाची प्रत त्यांच्याकडेही जाणार आहे. म्हणून स्पष्ट लिहिते: खंडेराव, ते हब न तपासता मी दिले होते. आपल्या मुलीच्या लग्नाचा तो दिवस माझ्यामुळे उणा राहिला. त्या दिवशी अंगणात बोलायला हवे होते. इतकी वर्षे लागली.

हा लेख लिहिणार असे सांगितल्यावर नरसिंगराव म्हणाले होते, "स्तुति करणार असाल तर लिहूं नका." मी स्तुती केली आहे असे मला वाटत नाही. पाहिले ते सांगितले.

गेल्या वर्षापासून डॉक्टरांनी त्यांना भट्टीच्या धुरापासून लांब राहायला सांगितले आहे. ते लांब राहतात, म्हणजे दाराशी खुर्ची टाकून बसतात. पंचाहत्तरीला काय हवे, असे आम्ही सर्वांनी विचारले, तर म्हणाले, "साच्यास मातीचा लेप देतां हात कांपूं नये, इतकेंच." नरसिंगरावांना आणि पद्मावतीबाईंना निरोगी, निश्चिंत आणि दीर्घ आयुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून प्रार्थना. त्यांचे हात पुष्कळ वर्षे स्थिर राहोत. आणि कधी थरथरलेच, तर मुरुगेसन आणि मी दोन्ही बाजूंनी धरून उभे राहू. लेप मात्र त्यांनीच द्यावा.