सत्काराचा नारळ

आमच्या गावच्या शाळेत एका वृद्ध अंतराळवीरांचा सत्कार होता. अगदी सुरुवातीच्या काळात अंतराळात जाऊन आलेले हे गृहस्थ. शाल झाली, श्रीफळ झालं. हार घालायला मुख्याध्यापिकाबाई पुढे आल्या, तशी अंतराळवीरांनी हात जोडण्यासाठी नारळ सरळ हवेत सोडून दिला! तो धाडकन स्टेजवर आपटला. सगळे चपापले. माझ्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी मात्र खुदकन हसल्या.

"वरून आल्यावर सुरुवातीला घरी हेच चालायचं. आज इतक्या वर्षांनी पुन्हा!" त्या मला म्हणाल्या. "चहा पिऊन झाला की कप हवेतच सोडायचे. तिकडे सगळं तरंगायचं ना! चार कप फोडले माझे."

"रागावला नाहीत?"

"छे हो! ते वर होते तोवर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. पहिला कप फुटला तेव्हा वाटलं, आले बाई एकदाचे घरी."

नंतरच्या भाषणांत त्यांच्या उड्डाणाचं तोंडभरून कौतुक झालं. व्हायलाच हवं होतं. माझ्या कानात मात्र तो नारळ पडल्याचा आवाजच घुमत राहिला. सगळ्यांना खाली ओढून घेणारी ही जमीन इतकी मायाळू आहे, हे मला आजवर सुचलंच नव्हतं.