शांतवननं न जुळवलेला शब्द

शांतवन गेल्याचं मला पोलादपूरच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं. महाडच्या स्टँडवर नव्या पत्रकांचा गठ्ठा बगलेत धरून मी उभा होतो. तो दारातूनच म्हणाला, "तुमचा तो छापखान्यातला शांतवन गेला. काल माती दिली." मला रडू आलं नाही. माती झाली आणि मला कुणी बोलावलं नाही, याचा आधी राग आला... दीड महिना तो राग मी उलटून पालटून बघतो आहे. तो राग नव्हताच, मत्सर होता. शांतवनच्या मरणातही मला पुढची जागा हवी होती.

मी वाढलो पत्रकांवर. वडील शाळामास्तर. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत शर्टांखाली धर्मपत्रकं असत. वाचता येऊ लागल्यापासून तीच माझी गोष्टींची पुस्तकं. विसाव्या वर्षी मी स्वतः लिहू लागलो, आणि विषय एकच, आजच्या मूर्ती. शेजाऱ्यांच्या देव्हाऱ्याबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. आमच्याच सात ख्रिस्ती घरांना मला विचारायचं होतं की सिनेनटाचा फोटो, मुंबईहून आलेला टेपरेकॉर्डर आणि मोटारीतून उतरणारा पुढारी यांच्यापुढे आपण इतके का वाकतो. ही पत्रकं महाडच्या एका छापखान्यात छापली जात. शांतवन तिथला जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे उचलून शब्द लावणारा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. त्याचे वडील रस्त्याच्या कामावर देशावरून आले आणि पोलादपूरला राहिले; तो रोज एसटीनं ये-जा करी. खिळे ओळीत धरायची लोखंडी स्टिक डाव्या हातात घेऊन तो माझा मजकूर वाचायचा आणि म्हणायचा, "अरे, उद्गारचिन्हांचे खिळे संपले. राहिलेल्या मूर्ती पूर्णविरामानं मोड." पत्रकाखाली माझं नाव ठळक असे. तरी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लोक म्हणत, "शांतवनचं पत्रक आलं." ते मला लागायचं.

मग एक निवडणूक आली. उभ्या राहिलेल्या साहेबांचा माणूस आमच्या घरी येऊन म्हणाला, "मास्तरांच्या पोराच्या लेखणीत आग हाय म्हणतात. जरा आमच्यासाठी पेटवा की." मी पेटलो. माझं नाव कुठे घ्यायचं नाही एवढीच अट घातली, आणि भिंतीवर लावायच्या पत्रकाचा मजकूर लिहून दिला. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, साहेबांना म्हटलं 'तालुक्याचे तारणहार'. आमच्या घरात हा शब्द एकाच नावाला लागत असे. त्याहून मोठा शब्द मला ठाऊक नव्हता, म्हणून तोच लिहिला...

दुसऱ्या दिवशी माझ्या नेहमीच्या पत्रकाचं प्रूफ बघायला गेलो, तर शांतवन छापखान्याच्या मालकांसमोर, नानांसमोर उभा. खालचा सगळा मजकूर लावलेला, वरच्या ओळीत एका शब्दाची जागा मोकळी.

"नाना, कैवारी लावतो. आधारस्तंभ लावतो. हा नाय लावत."

"अरे, शब्द हाय तो, देव नाय!"

"शब्दच लावतो ना मी? दुसरं काय करतो इथं?"

साहेबांचा माणूस बाकावर बसला होता. "तारणहारच पायजे. खिळे उचलायला ह्याच्या बापाचं काय जातंय?"

शांतवननं रॉकेलनं बोटं पुसली, आपली स्टिक आणि डबा पिशवीत टाकला आणि माझ्या अंगावरून बाहेर पडला. मी दारात होतो. हा मजकूर माझा आहे, शब्द बदला, एवढं एक वाक्य माझ्याकडे होतं. मी नानांना म्हणालो, "माझं प्रूफ झालं का?"

नानांनी शब्द स्वतः लावला. सवय मोडलेली, घाईत 'ण' सुटला, आणि महाडपासून उमरठपर्यंत भिंतींवर 'तालुक्याचे तारहार' लागले. लोक हसले. साहेबांच्या माणसानं खापर शांतवनवर फोडलं, जाताना त्यानंच 'ण' पळवले म्हणून. नाना गप्प राहिले. मीही. त्याला कामावर परत घेतलं नाही.

पुढची वर्षं तो कशेडी घाटात दरडी उपसण्याच्या कामावर गेला. मंडळीत त्याला विश्वासाची साक्ष द्यायला उभं केलं तेव्हा तो म्हणाला, "माझा हात उचलला नाय, एवढंच," आणि बसला. बायका डोळे पुसू लागल्या. त्याच्यानंतर मी मूर्तींवर तासभर बोललो; पोरंसुद्धा जांभया देत होती. देवही मत्सर करतो असं आम्हाला लहानपणीच शिकवतात. माणूस दुसऱ्यापुढे वाकला की त्याला सोसत नाही. माझा मत्सर त्या जातीचा नव्हता. शांतवन कुणापुढेच वाकला नाही, हेच मला सोसत नव्हतं. त्याला कावीळ झाल्याचं कळलं, तरी मी गेलो नाही.

मागच्या रविवारी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको, मार्थावहिनी, भाकऱ्या थापत होत्या. चुलीमागच्या खिडकीची फळी त्याच्या स्टिकनं टेकवून उघडी ठेवली होती. काजळी धरलेली. मी म्हणालो, "वहिनी, ती मला द्याल? जपून ठेवीन."

"जपाल नि वर त्यांचं नाव लिहाल. उद्या हारही घालाल. नको भावजी. धूर कुठनं जाईल मग?"

तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. "वहिनी, तो कागद..."

"ठाव हाय. त्याच दिवशी बोलले मला. तुमच्या अक्षरात 'ण'ची पहिली काठी आखूड असते म्हणं. कुठंबी ओळखत." त्यांनी भाकरी उलटली. "मी म्हटलं, सांगा की नानांना. तर म्हणाले, नको गो, पोर हाय. लिहील कधीतरी आपणहून."

लिहिलं आहे. इतकी वर्षं तो माझं नाव झाकून दरडी उपसत होता, आणि मी त्याचा हेवा करत होतो... निघताना वाऱ्यानं फळी दणकली. स्टिक जागची हलली नाही, धूर बाहेर जात राहिला. ती आहे तिथेच शोभते, हे मला कळतं. तरी खरं लिहायचं तर, ती मला अजून हवीच आहे.