धरणाकाठच्या बाल्कनीतला फोटो

परवा माळा आवरताना जुना हिरवा पडदा हाती लागला आणि वारज्यातलं आमचं दोन खोल्यांचं घर आठवलं. तेव्हा मी हॉटेलांच्या जाहिरातींसाठी फोटो जुळवायचो. रिकाम्या खोल्यांच्या फोटोंत दुसरीकडे काढलेली माणसं आणून बसवायची, असं ते काम. एका हॉटेलला धरणाकाठच्या बाल्कनीत चहा घेणारे आजोबा हवे होते. शाळेतल्या शिपायाच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले माझे वडील हौसेने तयार झाले. दाढी करून, लग्नकार्यातला कोट घालून ते स्वयंपाकघरात त्या पडद्यापुढे रिकामा कप धरून बसले. "पाणी कुठल्या बाजूला आहे रे?" त्यांनी विचारलं. "डावीकडे," मी म्हणालो. मग ते डावीकडच्या फ्रीजकडे बघून इतकं प्रसन्न हसले, की आईलाही हसू आवरेना. हॉटेलच्या मॅडमनी फोटो पाहिला. "पोझ छान आहे, पण हे आमच्याकडे उतरणारे वाटत नाहीत. चेहरा बदला." मी मुकाट्याने वडिलांच्या कोटावर एक गोरापान, अनोळखी चेहरा बसवला. घरी सांगायचा धीर झाला नाही. पंधरा दिवसांनी वडील फिरून आले आणि माझ्याजवळ बसले. "चौकात तुझं होर्डिंग लागलंय. पाहिलं मी." मग त्यांनी हळूच विचारलं, "माझ्यामुळे तुला कुणी बोललं नाही ना?" मी 'नाही' म्हणालो. आज ते नाहीत. त्या मॅडमना मी 'हे माझे वडील आहेत' एवढंसुद्धा सांगितलं नव्हतं, हे वडिलांना कधीच कळलं नाही.