माडाच्या बुडातला फेस

माझ्या रक्तात एके काळी इतकी साखर होती, की मी अंगणात उभा राहिलो की मुंग्यांची रांग थेट तळेऱ्याच्या फाट्यापर्यंत लागायची आणि एसटी तिला वाट द्यायला थांबायची. हे मी ऐटीत सांगत फिरायचो. गोळ्या तेवढ्या विसरायचो.

आणखी एक खोड होती. घरात चांगला संडास असताना सकाळची पहिली धार मी परसातल्या माडालाच द्यायचो. खत म्हणून! आमच्याकडे न्हाणीचं पाणीही माडालाच सोडतात. त्यामुळे बुडात फेस दिसल्यावर बायकोला साबणाचाच संशय आला.

"ओ, हंय साबणाचा पाणी कोणी वतल्यान?"

"मी नाय गो. देवाशपथ."

"मगे रोज सकाळी फेस खंयसून येता?"

मान खाली घालून मी खरं ते सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. तासाभरात तिनं मला एसटीत घातलं आणि जामसंड्याला डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं.

तपासणीत लघवीतून प्रथिनं जाताना सापडली; फेस त्यांचाच होता. "मूत्रपिंडांना इजा होतेय," बाई म्हणाल्या. "असंच चाललं तर पुढे डायलिसिस."

मी घाईघाईनं म्हणालो, "पण मी रोज काढा पितो. प्रतिकारशक्ती वाढवायला."

"गूळ घालून?"

"जरासा."

"जरासो?" बायको कडाडली. "ढेप संपयल्यानी, बाई!"

बाईंनी समजावलं. जास्त साखरेनं रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं. तिथे शरीराच्या रक्षक पेशी धावतात. साखर हटत नाही, म्हणून त्याही हटत नाहीत. मग त्यांच्याच माऱ्यानं सूज राहते, मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्यांवर चट्टे पडतात. मला एकदम माझी आंब्याची कलमं दिसली. माकडं चार आंबे खातात, आणि त्यांना हाकलायला मी जे दगड मारतो, त्यांनी टोपलीभर पडतात. असले राखणदार अंगात, आणि मी त्यांना काढा पाजत होतो!

मग गूळ सुटला, खारा बांगडा सुटला, भाताचा डोंगर वाटीवर आला. साखरेच्या, रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडं सांभाळणाऱ्या गोळ्या बायको तळहातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत समोरून हलायची नाही.

सहा महिन्यांनी प्रथिनं निम्म्याहून खाली आली. "पडलेले चट्टे जाणार नाहीत," बाई म्हणाल्या, "पण उरलेलं सांभाळता येईल. वेळेवर आलात."

परतीच्या एसटीत बायको तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. त्यातला एकही आकडा तिला कळत नव्हता, आणि मलाही. आमच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही, लाज वाटते. तरी खिडकीबाहेर बघत मी म्हटलं, "तू होतंस म्हणान मी आसंय गो."

"ह्या तरी खरा मां?" ती म्हणाली आणि कागद जपून घडी घालून पिशवीत ठेवला.