काकूंच्या गीताची चाल

हॉस्टेलमध्ये मुली भुताखेतांच्या, दृष्टांतांच्या गोष्टी सांगू लागल्या की मी पुस्तक उघडून बसते. त्यामुळे हे लिहिताना मलाच संकोच वाटतो आहे... पण झालं ते असं.

माझे काका तिसगावच्या ख्रिस्ती देवळात पाळक आहेत. काकू दसऱ्याच्या सुमारास वारल्या. त्यांनी एक गीत रचलं होतं, पण ते देवळात कधी गायलं गेलं नाही. आमच्याकडे मात्रा जुळल्या की कोणतंही गीत कोणत्याही चालीवर म्हणतात. काकूंच्या गीताची तिसरी ओळ मात्र आखूड होती. कुठलीही चाल लावा — तिथे शब्द संपत आणि सूर उरत.

"ओळ वाढवा की," मी एकदा म्हटलं होतं.

"नको गं. तेवढंच म्हणायचंय मला."

नाताळला काकांनी तेच गीत घ्यायचं ठरवलं. "नाहीच जमलं तर नुसतं वाचू," म्हणाले. काकू गेल्यापासून ते स्वतः गात नव्हते. पेटी मी वाजवणार होते, म्हणून मीच एक चाल बांधली — मनातल्या मनात. मोठ्याने गुणगुणायचीही मला लाज वाटते. टेबलावर बोटं फिरवून पाहिली, इतकंच.

युद्धामुळे दिव्यांना रॉकेल मिळेना, म्हणून उपासना दुपारी होती. आधी चाल वाजवून दाखवायची, मग एकेक ओळ शिकवायची, असं मी ठरवलं होतं. मी सुरुवात केली... आणि बायका माझ्याबरोबर गाऊ लागल्या! आखूड ओळीवर मी जिथे थांबा ठेवला होता, तिथेच त्या थांबल्या.

शेवटची ओळ माझ्या चालीत वर चढत होती. बायका खाली उतरल्या — आणि माझी बोटंही. त्यांच्या मागून नाही, बरोबरच.

दुसऱ्या कडव्याला काकांचा आवाज ऐकू आला.

बाहेर आल्यावर मी त्या बायकांमधल्या राहेलबाईंना गाठलं. "ही चाल तुम्हाला कुणी शिकवली?"

"पाळकीणबाईंनी. आजारात त्यांचं पाय चेपाया बसायचो, तवा म्हनायच्या. पाळकसायबांना आमी सांगितलं न्हाई, सोसलं नसतं त्यांना." मग त्या हसल्या. "आमाला वाटलं, इंग्रजी शाळंची पोर, सायबाची चाल वाजवतीया का काय! तुला बी शिकिवली व्हती व्हय?"

काकूंच्या आजारात मी पुण्याला होते. आमची भेट झालीच नाही.

रात्री जेवताना काकांनी विचारलं, "कुणाची गं ही चाल?"

जेवण झाल्यावर मी टेबलावर पुन्हा बोटं फिरवून पाहिली; शेवटची ओळ खालीच उतरली.