वरच्या गल्लीतली एकच म्हैस

शांतता पत्रकारितेचं दोन दिवसांचं शिबिर मी केलं होतं. दंगलीच्या बातमीत जात-धर्म लिहायचा नाही, आग लागेल असा मथळा द्यायचा नाही, पुढाऱ्यांच्या मागं पळायचं नाही. गप्प बसलेल्या माणसांकडं जायचं आणि त्यांचं नाव झाकायचं. सगळं वहीत उतरवून घेतलं. मला तेव्हा लई अक्कल आल्यासारखं वाटत होतं.

पुढं दोनच महिन्यांत सास्तूरच्या पलीकडच्या एका गावात मिरवणुकीवरून दगडफेक झाली. भूकंपानंतर नव्यानं बसवलेलं गाव, घरं सगळी एका साच्यातली. खालच्या गल्लीची मिरवणूक वरच्या गल्लीतून चालली होती. कुणीतरी पहिला दगड टाकला आणि मग दोन्हीकडून सुरू झालं. वरच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं, चार मोटारसायकली जळाल्या. पोलिसांनी खालच्या गल्लीतले तिघं उचलले. पहिला दगड त्यांचाच, असं वरची गल्ली एका सुरात सांगत होती. लोक एका सुरात सांगायला लागले की माझं डोकं फिरतं.

त्याच गल्लीत एक मावशी राहायच्या. साठी उलटलेली, नवरा गेलेला, लेकी सासरी. मी गोठ्याच्या उंबऱ्याशी बसले आणि त्या धार काढता काढता बोलल्या.

"पहिला धोंडा आमच्याच गल्लीतल्या एका स्लॅबवरून पडला, बाई. म्या बघितला. पण माझं नाव घालू नगंस. मला ह्याच गल्लीत मरायचंय."

मी शब्द दिला. पाळलाही. नाव नाही, वय नाही, फोटो नाही. फक्त सुरुवातीला एक वाक्य लिहिलं, की वरच्या गल्लीतली एक बाई म्हशीची धार काढता काढता हे सांगत होती. संपादकांनी मुद्दाम फोन केला. म्हणाले, "चित्र डोळ्यांपुढं उभं राहतं."

राहिलंच. वरच्या गल्लीत एकच म्हैस होती. बाकीच्यांनी दोन कोरड्या सालांत जनावरं विकून टाकली होती. तासभर तिथं बसून, शेजारीपाजारी दुसरा गोठा नाही, हे माझ्या डोळ्यांना दिसलं नाही. कोंबडं झाकलं आणि त्याची बांग मात्र छापून टाकली. शिकलेल्या माणसाचा मूर्खपणा असा असतो.

आठवड्यानं गेले तेव्हा सकाळचं दूध पातेल्यात तसंच पडलं होतं. गल्लीतल्या एकूण एक घरानं रतीब बंद केला होता. पुतण्या कडबा आणून टाकायचा, तोही फिरकत नव्हता. मावशी माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला पोतं दिलं.

"मेल्यावर खांदा द्यायला येणार न्हाईत म्हणतेत," त्या म्हणाल्या. "आता तूच लिव्ह. ती बाई तसं बोललीच न्हाय म्हणून."

"मावशी, पण तुम्ही सांगितलं ते खरं होतं ना?"

"खरंच हाय की. पण खरं येतंय व्हय माझ्या तिरडीला खांदा द्यायला?"

तिघं आत आहेत, चोर सोडून संन्याशाला फाशी होईल, असं मी म्हटलं. "ठाव हाय मला," एवढंच म्हणाल्या आणि म्हशीपुढची पाटी सारखी करत राहिल्या. मला लाज वाटली. सास्तूरला बस मिळेपर्यंत वाटत होती, मग तीही वाटेनाशी झाली.

मी लिहून दिलेला चार ओळींचा खुलासा छापून आला. संबंधित महिलेनं असं काही सांगितलेलं नाही, खातरजमा न करता मजकूर दिला गेला, दिलगीर आहोत. संपादक म्हणाले, "शिबिरात हेच शिकवलं का तुम्हाला?" मी नाही म्हटलं. रतीब पुन्हा सुरू झाल्याचं कळलं. बरं वाटायला पाहिजे होतं. बरं नाही वाटलं, वाईटही नाही. जेवत होते, झोपत होते, टँकरच्या बातम्या देत होते.

मग एका सकाळी दारात एक बाई उभी राहिली. आत असलेल्या तिघांपैकी एकाची बायको. तिच्या हातात माझी पहिली बातमी कापून ठेवलेली होती.

"वकील म्हणाले, खुलासा आलाय, आता ह्या कागदाचा उपेग न्हाय. म्हणून म्हणलं, ताई, तुमालाच इचारावं. पहिलं खरं का दुसरं?"

मावशींचा रतीब नुकता लागला होता.

"दुसरं," मी म्हटलं.

"मंग धोंडा आमच्यातल्यांनीच टाकला?"

"मला नाही माहीत."

मला माहीत होतं. तिनं ते कात्रण घडी करून पदरात धरलं. रडेल असं वाटलं, पण रडली नाही.

"ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठिवून सांगितलं व्हतं, आमी न्हाय टाकला म्हणून," ती म्हणाली. "म्हंजी माझ्यासंगंबी खोटंच बोलले."

पाणी घेता का, एवढंच मी तिला विचारलं.